अस्मितानं मागून घेतलेला वेळ

अस्मिता काळमेघ आमच्या शाळेत खेळ शिकवते आणि मी गणित. शाळा रायपूरच्या भनपुरीला, ट्रकांच्या रांगा ओलांडून आत गेलं की लागते. ती ब्राह्मणपाऱ्यात राहते, मी तात्यापाऱ्यात, त्यामुळे आम्ही एकाच स्कूटरवर जायचो. आधी ती चालवायची आणि मी मागे बसायची. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या, तेव्हापासून त्या हाताचा भरवसा राहिला नाही. मग मी चालवू लागले आणि ती मागून सूचना देऊ लागली. "अर्चना, तो ट्रेलर वळून राहिला. थांब ना व!"

तिचं दुखणं सगळ्या शाळेला माहीत होतं, कारण तिनं स्वतःच सांगितलं होतं. केमोत केस गेले तेव्हा ती टोपी घालून मैदानावर यायची, आणि घाम आला की टोपी काढून खिशात कोंबायची. तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. वर्ध्याकडचं माहेर, आणि लग्नाआधी विदर्भाच्या संघातून खो-खो खेळलेली. आमच्या शाळेत तिनं ज्या मुली तयार केल्या त्या बहुतेक कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या. बूट नसलेल्या मुलींनाही ती खांबावर सूर मारायला शिकवायची.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. केस परत आले, थोडे कुरळे. आणि केमोत थांबलेली तिची पाळी एक दिवस परत सुरू झाली. तिला आनंद झाला. वाटलं, शरीर जागेवर आलं. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ते ऐकलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

त्या दिवशी मी सोबत होते. प्रताप, तिचा नवरा, रेल्वेच्या ऑफिसात आहे. सुट्टी त्याला मिळाली असती, पण अस्मितानंच मला नेलं. "ते घाबरले का त्यांच्या कानात काहीच शिरत नाही," ती म्हणाली. "तू ऐकून घे. माझं काही सुटलं तं तुले आठवन."

डॉक्टर रमा हिंदीभाषक, शांत बाई. त्यांनी समजावून सांगितलं की अस्मिताची गाठ हार्मोनवर वाढणाऱ्या जातीची होती. पाळी आली म्हणजे अंडाशय पुन्हा कामाला लागलं, म्हणजे त्या गाठीचं खाद्य पुन्हा तयार व्हायला लागलं. रोजची गोळी तर अनेक वर्षं घ्यायचीच होती. पण वय कमी आणि रोग काखेपर्यंत पोचलेला, म्हणून अंडाशयालाही गप्प करणं चांगलं. त्याला दोन वाटा. एक म्हणजे दर चार आठवड्यांनी पोटात इंजेक्शन. ते चालू आहे तोवर अंडाशय झोपलेलं, थांबवलं की बहुधा जागं होणार. दुसरी म्हणजे दुर्बिणीनं ऑपरेशन करून दोन्ही अंडाशयं काढून टाकणं. एकदा काढली की काढली.

"कोणतं चांगलं?" मी विचारलं. मला गणिताची सवय, उत्तर एकच असतं असं वाटतं.

"दोनों ठीक हैं," डॉक्टर म्हणाल्या. "कैंसर के हिसाब से फ़र्क़ ज़्यादा नहीं. फ़र्क़ इनकी ज़िंदगी के हिसाब से है."

आनुवंशिकतेची तपासणी आधीच झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. ते निघालं असतं तर काढूनच टाका म्हटलं असतं, असंही त्यांनी सांगितलं. मग अस्मितानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. हाडांचं काय होईल? सांधे दुखतील का? झोप? डोकं फिरेल का, म्हणजे चिडचिड? डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दोन्ही वाटांनी पन्नाशीतलं सगळं आत्ताच येणार होतं, अंगाची लाही, झोप उडणं, हाडं ठिसूळ होण्याची भीती. फक्त एका वाटेवरून परत फिरता येत होतं आणि दुसरीवरून नाही.

"मैं दौड़ पाऊँगी?" अस्मितानं शेवटी विचारलं.

"दौड़ना पड़ेगा," डॉक्टर हसून म्हणाल्या. "हड्डियों के लिए वही तो दवा है."

"मग मले वेळ पाहिजे," अस्मिता एकदम मराठीतच बोलली, मग स्वतःच हसली आणि हिंदीत म्हणाली, मला विचार करायला वेळ द्या. डॉक्टर म्हणाल्या, जरूर. आज पहिलं इंजेक्शन घ्या, म्हणजे वेळ फुकट जाणार नाही, आणि शरीर हे कसं सोसतं ते तुम्हालाच कळेल.

ते इंजेक्शन मी पाहिलं. सुई चांगलीच जाड होती. अस्मिता छताकडे बघत राहिली आणि माझा हात तिनं इतका आवळला की माझ्या अंगठीचा वळ उठला.

घरी आम्ही पोचलो तेव्हा प्रताप दारातच उभा होता. तिनं सगळं सांगितलं आणि त्यानं एका दमात निकाल दिला. "काढून टाकू. आपली राधिका मोठी झाली, आता आपल्याले काय लेकरं पाहिजे का? कायले दर महिन्याले ते टेन्शन?"

"माझ्या पोटातलं काढायचं हाय, प्रताप. घरातलं जुनं कपाट नाई ते."

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगून राहिलो ना!"

"मले माहीत हाय. पण मी अजून ठरवलं नाई."

त्याला ते पटलं नव्हतं. पुढचे काही आठवडे तो रोज काहीतरी वाचून यायचा आणि जेवताना सांगायचा. वर्ध्याहून तिच्या भावाचा फोन यायचा, तो म्हणायचा, पुन्हा कापाकापी नको, किती सोसशील. शाळेत हेडमास्तर मायेनं म्हणाले, मॅडम, मैदान सोडा, ऑफिसचं काम घ्या. प्रत्येकाला तिची काळजी होती आणि प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. ती सगळ्यांना चहा द्यायची, ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अजून ठरवलं नाई." मला तिचा तेव्हा रागही यायचा. एवढं काय ठरवायचं असतं? आता वाटतं, तेवढं एक वाक्य इतके दिवस धरून ठेवायला किती ताकद लागली असेल.

फक्त एक माणूस काही बोलत नव्हतं. तिची सासू, कांताबाई. सत्तरीच्या पुढची, नेमकी बोलणारी बाई. भाजीवाल्याला गप्प करणारी. पण या विषयावर चकार शब्द नाही. मी एक दिवस बसले होते, अस्मिता मेथी निवडत होती, आणि कांताबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढून घेतली.

"माझी पिशवी काढली तवा मी चौतीस वर्षांची होती," त्या म्हणाल्या.

अस्मिता थांबली. तिला हे माहीत नव्हतं. प्रतापलाही माहीत नसावं.

"अंगावरून जास्त जात होतं. नागपूरला नेलं मले. डॉक्टर बोलला प्रतापच्या वडिलांशी, अन् माझ्या सासऱ्याशी. बाहेर, व्हरांड्यात. मी आत खाटेवर. मले वाटलं औषध देतील. शुद्धीवर आली तं पोटावर टाके." त्यांचे हात चालूच होते. "पिशवी काढली का आणखी काय काय काढलं, ते आजवर मले माहीत नाई. मले कोणी इचारलंच नाई. अंगाची आग आग व्हायची, रडू यायचं, तं सासू म्हणे, नखरे करून राहिली."

"आई, तुम्ही कधी बोलल्या नाही," अस्मिता हळू आवाजात म्हणाली.

"कोणाले बोलू? तवा ते चांगलंच झालं असन. जीव वाचला असन माझा. मी त्याले वाईट नाई म्हणत. पण पोरी, तुले इचारून राहिले ना? मंग सावकाश सांग. जे सांगायचं ते सांग, काढा म्हण, नको म्हण. पण तू म्हण."

एवढं बोलून त्या निवडलेली मेथी घेऊन आत गेल्या. अस्मिता तिथंच बसून होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. मला म्हणाली, "इतकी वर्षं एका घरात राहून राहिलो आम्ही."

त्या दिवसानंतर घरात तिला कोणी घाई केली नाही. कांताबाईंनी प्रतापला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण जेवतानाचं वाचन बंद झालं.

इंजेक्शनं चालू होती. एप्रिल आला आणि रायपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. त्यात अस्मिताच्या अंगातून आतूनच आगीचे लोट यायचे. मैदानावर शिट्टी वाजवता वाजवता ती एकदम लालबुंद व्हायची, घामानं पाठ भिजायची, आणि त्याच वेळी कुणी चुकीचा खो दिला की ती ओरडायची. पूर्वी ती ओरडत नसे. मुली बिचकायला लागल्या. एकीनं खेळायला येणंच सोडलं.

मग एक दिवस तिनं सगळ्यांना खांबाजवळच्या सावलीत गोल बसवलं. मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून पाहत होते, मग राहवेना म्हणून खाली गेले.

"मैडम, आप हमसे ग़ुस्सा हो?" एका मुलीनं विचारलं.

"नाही," अस्मिता म्हणाली, आणि तिनं त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. गाठ कशी होती, काय काढलं, आता इंजेक्शन कशाचं, त्यानं शरीरात काय होतं. आजी किंवा आई पन्नाशीत अचानक पदरानं वारा घेऊ लागते, रात्री उठून बसते, उगाच चिडते, ते काय असतं. "मुझे वही हो रहा है, बस जल्दी हो रहा है. चिल्लाऊँ तो बोल देना, मैडम, पानी पी लो."

मुली आधी लाजल्या, एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग एक म्हणाली, "हव मैडम, मेरी बड़ी अम्मा को भी होता है." आणि दुसरीनं विचारलं, गाठ हाताला कशी लागते? अस्मितानं तेही सांगितलं. चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलींना याआधी आपल्या शरीराबद्दल कुणी इतकं सरळ सांगितलं नसेल. त्यानंतर मैदानावर दिवसातून दोनदा तरी आवाज यायचा, "मैडम, पानी!" आणि ती निमूट जाऊन पाणी प्यायची.

घरी मात्र राधिका चिडली. ती नववीत, आणि मराठी समजत असूनही उत्तर हिंदीतच द्यायची. "मम्मी, आप सबको क्यों बताती हो? मेरी क्लास तक बात आ गई."

"काय बात आली?"

"कि आपको... वो सब."

"मग खरंच आली ना? खोटी तं नाई?" अस्मिता म्हणाली. राधिका पाय आपटत आत गेली. अस्मिताला ते लागलं होतं. मला नंतर म्हणाली, तिच्या जागी मीही चिडले असते. पण सांगितलं नाही तर मुली उद्या मोठेपणी असं दुखणं आलं की घाबरून गप्प बसतील, हेही तिला दिसत होतं. दोन्ही दिसत होतं म्हणून तिनं राधिकेवर आवाज चढवला नाही.

याच काळात दवाखान्यात तिला भीमाबाई नावाची एक बाई भेटली. दुर्गहून यायची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तिनं अंडाशयं काढून घेतली होती. अस्मितानं तिच्याशी तासभर गप्पा मारल्या. भीमाबाई म्हणाली, पहिलं वर्ष जड गेलं, पण दर महिन्याचं घड्याळ डोक्यातून गेलं ते बरं वाटलं. आणि हेही म्हणाली, "पण मी पन्नाशीची होती. तुझं वेगळं हाय." अस्मिताला ते फार आवडलं. कुणीतरी तिला तुझं वेगळं आहे असं म्हणालं होतं.

ते घड्याळ काय असतं ते सप्टेंबरात कळलं. इंजेक्शनची तारीख आली आणि दवाखान्यात सांगितलं, माल आलेला नाही. शहरातल्या तीन-चार दुकानांत विचारलं, कुठंच नव्हतं. दोन दिवसांत येईल म्हणाले, आलं नाही. तेव्हा प्रतापनं नागपूरच्या मित्राला फोन लावून तिथं मिळतंय याची खात्री केली आणि मिळेल त्या गाडीनं निघाला. ते इंजेक्शन उन्हात ठेवून चालत नाही. म्हणून त्यानं घरातला चहाचा मोठा थर्मास धुऊन नेला, येताना त्यात बर्फाच्या पिशव्या भरल्या, मधे डबीत इंजेक्शन. परतीच्या गाडीत त्याला जागा मिळाली नाही. राजनांदगावपर्यंत तो थर्मास छातीशी धरून उभा होता. शेजारच्या माणसानं चहा मागितला तर म्हणे, "भैया, ये चाय नहीं है, मेरी बीवी है." हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा कांताबाईसुद्धा हसल्या.

पण तोवर आठवड्याच्या वर उशीर झाला होता. अस्मिताच्या अंगावरून थोडं गेलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि हार्मोन वर आलेलं दिसलं. घाबरण्यासारखं नाही, त्या म्हणाल्या, इंजेक्शन पुन्हा लागू पडेल. पण तुमचं अंडाशय हट्टी आहे, थोडी सवड मिळाली की उठतं. इंजेक्शनंच चालू ठेवायची असतील तर वेळ चुकवायची नाही आणि रक्त अधूनमधून तपासत राहायचं.

त्या दिवशी परतताना स्कूटरवर ती एकदाही बोलली नाही. ट्रेलर आडवा आला तरी नाही. तिला दारात सोडलं तेव्हा म्हणाली, "दोन दिवस मले काही विचारू नको."

तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिनं मागून सांगितलं, "मी ऑपरेशन करून घेते."

मी स्कूटर बाजूला घेतली. "भीतीनं ठरवलं का?"

"भीती तं हायच. पण पाहा, सहा महिने मी त्या शरीरात राहून पाहिलं. आग झाली, झोप गेली, गुडघे दुखले. तरी शिकवलं, धावली. म्हणजे मले ते जमते. एप्रिलमध्ये कोणी काढलं असतं तं रोज वाटलं असतं, माझ्याकडून काढून घेतलं. आता मी देऊन राहिली." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् दर महिन्याले कोणी थर्मास घेऊन उभं राहावं, ते मले नाई पाहिजे."

मी म्हटलं, प्रताप खूश होईल. पण संध्याकाळी तिनं घरी सांगितलं तेव्हा मी तिथं होते, आणि प्रतापचा चेहरा उतरला.

"पुन्हा ऑपरेशन? बेशुद्ध करतील. काही झालं तं?"

"तुम्हीच तं म्हणत होते काढून टाक म्हणून!"

"तवा तू नाई म्हणून राहिली होती ना," तो म्हणाला. अस्मिता त्याच्याजवळ जाऊन बसली. माझ्यासमोर, सासूसमोर, तिनं त्याचा हात हातात घेतला. आमच्या घरांतून असं कुणी करत नाही. कांताबाईंनी मान वळवली नाही, मीही नाही.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. पोटावर तीन छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. सही करायच्या आधी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पुन्हा सगळं सांगितलं, आणि प्रतापला विचारलं, आपको कुछ पूछना है? तो म्हणाला, "इनसे पूछिए." भूल द्यायला नेताना राधिका रडायला लागली आणि एकदम मराठीत म्हणाली, "आई, लवकर ये." अस्मितानं नंतर मला दहा वेळा ते सांगितलं असेल.

पुढचं वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. सकाळी तिची बोटं आखडायची, चहाचा कप धरवायचा नाही. एकदा स्टाफरूममध्ये काही कारण नसताना ती रडली आणि मग स्वतःवरच वैतागली. हाडांसाठी डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली, तर तिनं वाळू भरलेल्या बाटल्या केल्या, आणि राधिकाला सोबत घेऊन गच्चीवर रोज व्यायाम चालू केला. राधिकाचा वर्गातला भाव उलट वाढला, कारण तिचे दंड सगळ्यांत घट्ट झाले. गोळी रोज चालू आहे. दर तपासणीच्या आधीचे दोन दिवस ती कमी बोलते. आजपर्यंतच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या आहेत.

तिच्याकडे आता फोन येतात, कुणाची बहीण, कुणाची वहिनी. काय करू, काढू का इंजेक्शन घेऊ? ती तासभर बोलते, काय झालं, कसं झालं, काय दुखलं ते सगळं सांगते. पण तू हे कर असं ती कधीच म्हणत नाही. फोन ठेवताना बायका थोड्या नाराज होतात, हे मी पाहिलं आहे. तिला त्याचं काही वाटत नाही.

मागच्या जानेवारीत मी मैदानाच्या कडेला उभी होते. एक नवी मुलगी आली होती, सहावीतली, काडीसारखी, वाऱ्यासारखी पळणारी. पण हुलकावणी देणाऱ्याला कसं गाठायचं ते तिला कळत नव्हतं. अस्मितानं शिट्टी माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि मैदानात उतरली. "पकड़ मुझे," म्हणाली. बसलेल्या मुलींच्या रांगेतून ती डावीकडे-उजवीकडे पळाली, खांबापाशी एक हूल दिली, दुसरी दिली. सगळ्या मुली ओरडायला लागल्या. मग तिचा गुडघा थोडा अडला आणि त्या पोरीनं सूर मारून तिच्या पाठीला हात लावला.

"मैडम, आउट!" पोरगी धुळीतून ओरडली.

अस्मिता कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. तोंड लाल, केस विस्कटलेले.

"ऐसे ही," ती म्हणाली. "फिर से. इस बार मैं इतनी जल्दी नहीं मिलने वाली."